रस्ता फुकट, बसायची जागा महाग

ऑक्सफर्डच्या पूर्वेला काउली रोड, इफ्ली रोड आणि वर टेकाडावरचं हेडिंग्टन असा जो पट्टा आहे, तिथे वर्ष-दोन वर्षं काढली की दोन तक्रारी आपोआप पाठ होतात. पहिली अशी, की विद्यार्थी गाड्या आणून लावतात आणि आम्हाला आमच्याच दारात जागा मिळत नाही. दुसरी अशी, की कोपऱ्यावरचा पब बंद पडला. पहिली तावातावाने सांगितली जाते, दुसरी हळहळून. सांगणारा मात्र पुष्कळदा एकच असतो आणि दोन्ही वेळा त्याचं बोट विद्यार्थ्यांकडेच जातं. रस्ता अडवतात तेही हेच, आणि पबात न येता सुपरमार्केटातली स्वस्त बिअर खोलीवर नेऊन पितात तेही हेच.

तक्रारी दोन्ही खऱ्या आहेत, बोट तेवढं चुकलंय. शहरात जागेचा हिशेब कसा लावला जातो हे पाहिलं तर त्या एकाच खात्यावरच्या निघतात. रस्त्याची कड आपण जवळजवळ फुकट वाटून टाकली आहे आणि चार माणसांनी एकत्र बसायची जागा मात्र बाजारभावाला सोडून दिली आहे. फुकट असेल ते भरून जातं, बाजारभावाला लावाल ते जास्त पैसे टाकणाऱ्याच्या घशात जातं. यात विद्यार्थ्याचा वाटा आहे, पण गर्दीतल्या कुणाही एकाचा असावा तेवढाच.

आधी पबाबद्दल. पब म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो कोरेगाव पार्कातला किंवा लोअर परळमधला अंधारा, कानठळ्या बसवणारा प्रकार. इथला वस्तीतला पब तसा नसतो. भर दुपारी तिथे एखादे निवृत्त आजोबा पेपर वाचत बसलेले असतात, त्यांचा कुत्रा टेबलाखाली झोपलेला असतो, भिंतीवर हरवलेल्या मांजराची चिठ्ठी आणि मंगळवारच्या क्विझची जाहिरात शेजारी शेजारी असतात. मी स्वतः बहुतेक वेळा लिंबू पिळलेला सोडा घेऊन बसतो. आजवर कुणी वळूनही पाहिलेलं नाही.

ऑक्सफर्डशरच्या पबांचा म्हणून एक खेळ आहे, आँट सॅली. हा जिल्हा आणि आसपासचा थोडा मुलूख सोडला तर इंग्लंडातही तो फारसा कुणाला ठाऊक नाही. पबाच्या मागच्या अंगणात एक लोखंडी दांडा रोवलेला असतो. त्याच्या फिरत्या टोकावर सहा इंची पांढरं लाकडी बाहुलं ठेवतात आणि दहा यार्डांवरून दीड फुटी काठ्या फेकून ते उडवायचं. एकाच्या वाट्याला सहा काठ्या. दांड्याला धक्का न लागता बाहुलं उडालं तरच गुण. सहाही फुकट गेल्या की फळ्यावर भोपळा. त्याला इथे ‘ब्लॉब’ म्हणतात आणि तो शब्द अख्खं अंगण मिळून ओरडतं. मागे जाडजूड पडदा टांगलेला असतो, काठ्या शेजाऱ्याच्या बागेत जाऊ नयेत म्हणून. लगोरी खेळलेल्या माणसाला हा खेळ दोन मिनिटांत कळतो. आठ-आठ जणांचे संघ, उन्हाळाभर चालणारी लीग, एका पबाचा संघ दुसऱ्या पबात खेळायला जाणार आणि यजमान पाहुण्यांना सँडविच खायला घालणार, अशी सगळी रीत आहे.

या खेळाला लागतं काय, तर दहा यार्ड मोकळी जमीन. पबाच्या मागचं हे अंगण आणि बाजूचा गाड्या लावायचा डांबरी तुकडा, हीच नेमकी बिल्डरला हवी असलेली वस्तू. शहराच्या कडेच्या वस्त्यांत दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जे ऐसपैस पब बांधले गेले, त्यांच्याभोवती अशी जमीन भरपूर. ऑक्सफर्डसारख्या घरं महाग असलेल्या शहरात त्या जमिनीवर सहा-आठ फ्लॅट उभे राहतात, आणि त्यांची किंमत शंभर वर्षं बिअरचे पिंट, म्हणजे मोठे पेले, विकूनही वसूल व्हायची नाही. म्हणून पबाचं मरण पुष्कळदा बारच्या मागे नव्हे, गाडीतळावर ओढवतं.

हे काही एकट्या ऑक्सफर्डचं दुखणं नाही. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांहून जास्त पब होते, आता पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. कारणं विचाराल तर प्रत्येकाचं लाडकं कारण वेगळं. कुणी १ जुलै २००७ ची धूम्रपानबंदी सांगेल, कुणी २००८ ते २०१३ या काळात दर वर्षी महागाईपेक्षा जास्त चढवत नेलेला बिअरवरचा कर, कुणी करोना. एप्रिल २०२५ मध्ये आणखी भर पडली: पबांना व्यवसाय-करात मिळणारी ७५ टक्के सवलत ४० टक्क्यांवर आली, आणि त्याच महिन्यात नोकरांपोटी मालकाने भरायच्या राष्ट्रीय विम्याचा दरही वाढला.

ही सगळी कारणं खरी आहेत, पण माझ्या मते मूळ १९८९ मध्ये आहे. त्या वर्षी सरकारने ‘बिअर ऑर्डर्स’ काढून मोठ्या मद्य-उत्पादकांची पबांवरची पकड ढिली करायचं ठरवलं. दोन हजारांच्या वर जितके पब असतील त्यातले निम्मे मोकळे करा, असा हुकूम होता. हेतू चांगला. झालं असं, की उत्पादकांनी पब विकून टाकले आणि ते विकत घेतले नव्या मालमत्ता-कंपन्यांनी, तेही डोक्याइतकं कर्ज काढून. या कंपन्यांच्या लेखी पब ही आधी तारण ठेवायची इमारत आणि मग बिअर विकायची जागा. चालवायला घेणाऱ्याने भाडंही द्यायचं आणि बिअरही कंपनीकडूनच, कंपनी लावेल त्या दराने उचलायची. २०१६ मध्ये अशा चालवणाऱ्यांना संरक्षण म्हणून ‘पब्ज कोड’ ही नियमावली आली, पण तोवर बराच काळ लोटला होता. आणि मे २०१७ पर्यंत इंग्लंडात पब पाडायला किंवा त्याचं दुकान करायला बहुतेक ठिकाणी नियोजन-परवानगीच लागत नसे! आज ज्या नाक्यावर सुपरमार्केटची छोटी शाखा दिसते आणि वर मात्र जुन्या पाटीचा लोखंडी हात तसाच बाहेर आलेला असतो, तिथे काय घडलं असेल ते वेगळं सांगायला नको.

आता विद्यापीठाचा गाव म्हणून ऑक्सफर्डची खास गंमत. इथे पबाचा जमीनमालक पुष्कळदा विद्यापीठातलं कॉलेजच असतं. ब्रॉड स्ट्रीटच्या टोकाचा किंग्ज आर्म्स हा वॉडम कॉलेजच्या मालकीचा. सेंट जाइल्स रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असलेले ईगल अँड चाइल्ड आणि लॅम्ब अँड फ्लॅग हे दोन्ही सेंट जॉन्स कॉलेजचे होते. टोल्किन आणि सी. एस. लुईस हे लेखक आणि त्यांची मित्रमंडळी इथे बसायची, म्हणून जगभरचे लोक ते बघायला येतात. २०२० मध्ये ईगल अँड चाइल्ड बंद झाला. पुढच्याच जानेवारीत लॅम्ब अँड फ्लॅगलाही कुलूप लागलं. लॅम्ब अँड फ्लॅग कॉलेज स्वतः चालवत असे आणि त्याच्या नफ्यातून पीएचडीच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या दिल्या जात. बिअरच्या पैशातून संशोधन! करोनाने नफा आटला तेव्हा कॉलेजने सांगितलं, की आम्ही धर्मादाय संस्था, तोट्यातला धंदा पोसायची आम्हाला मुभा नाही.

कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. गावातल्या काही व्यावसायिकांनी, लेखकांनी, कलावंतांनी मिळून एक समूह काढला, कॉलेजने त्यांना जागा दीर्घ मुदतीच्या भाडेकरारावर दिली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये लॅम्ब अँड फ्लॅग पुन्हा उघडला. समोरचा ईगल अँड चाइल्ड मात्र २०२३ मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीवाल्या लॅरी एलिसन यांच्या संस्थेने विकत घेतला. तोही पब म्हणून परत उघडणार आहे, वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने केलेल्या नव्या रूपात. एका रस्त्यावर दोन वाटा. पहिल्या वाटेला जमीनमालकाने थोडं थांबायची तयारी दाखवली, दुसऱ्या वाटेला अब्जाधीश मिळाला. काउली रोडच्या गल्लीतल्या पबात टोल्किन कधी बसला नव्हता, तेव्हा तिथे अब्जाधीश येणार नाही.

विद्यार्थी पबात येत नाहीत, या आरोपाचं काय? येतात, पण ऑक्सफर्ड विद्यापीठाची सत्रं तीन आणि प्रत्येक आठ आठवड्यांचं. म्हणजे वर्षातले चोवीस आठवडे. भाडं बावन्न आठवड्यांचं भरायचं असतं. विद्यार्थ्यांवर विसंबलेला पब उरलेले अठ्ठावीस आठवडे शेजाऱ्यांच्या जिवावर काढतो, आणि शेजारी ‘आमचा पब’ म्हणत असले तरी आत किती वेळा येतात हे बारमागच्या मुलीला विचारावं. ती मुलगीही बहुधा विद्यार्थिनीच असते. पाच पौंडांच्या पुढे गेलेला पिंट विद्यार्थ्याला परवडत नाही, आणि कौन्सिलकडे सही-मोहिमेचा अर्ज देणाऱ्या गृहस्थाला परवडतो पण तो वाइन घरी मागवतो. मी कुणाला दोष देत नाही. पबाची हळहळ आणि पबाचं गिऱ्हाईक यांचं गणित जुळत नाही, एवढंच.

आता गाड्या. विद्यार्थी, पब आणि मोटार यांचं या गावात जुनं त्रांगडं आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी ऑक्सफर्डच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना गावातल्या पबात पाऊल टाकायला बंदी होती. विद्यापीठाचा प्रॉक्टर, म्हणजे शिस्त राखणारा अधिकारी, बोलर हॅट घातलेले शिपाई घेऊन संध्याकाळी फेरी मारायचा. त्या शिपायांना सगळे ‘बुलडॉग’ म्हणत. विद्यापीठाचं ते पोलिसदल अगदी २००३ मध्ये बरखास्त झालं. मोटारींवरही प्रॉक्टरचाच डोळा. विद्यार्थ्याला गाडी ठेवायची तर परवानगी हवी आणि गाडी ओळखू यावी म्हणून पुढे हिरवा दिवा लावायला हवा. केंब्रिज याच्याही पुढे गेलं. तिथे विद्यार्थ्यांच्या मोटारींसाठी ‘स्पेशल प्रो-प्रॉक्टर फॉर मोटर व्हेइकल्स’ असा खास हुद्दाच निर्माण झाला आणि ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून दहा मैलांच्या आत त्याच्या परवान्याशिवाय गाडी ठेवता येईना.

गंमत अशी, की हे नियम होत होते त्याच ऑक्सफर्डात विल्यम मॉरिस नावाचा सायकलदुरुस्तीवाला लाँगवॉल स्ट्रीटवरच्या गॅरेजात पोराटोरांच्या सायकली आणि मोटारी नीट करता करता स्वतःची मोटार बनवायला लागला होता. १९१३ मध्ये ‘मॉरिस ऑक्सफर्ड’ रस्त्यावर आली, काउलीला कारखाना उभा राहिला, आणि विद्यापीठापेक्षा मोटारीवर पोट भरणारी माणसं गावाच्या पूर्वेला वसली. याच मॉरिस ऑक्सफर्डच्या एका पुढच्या अवताराचे साचे पश्चिम बंगालात उत्तरपाड्याला गेले आणि आपल्याकडे ती २०१४ पर्यंत ॲम्बेसेडर म्हणून बनत राहिली. काउलीच्या कारखान्यात आता मिनी बनते. तेव्हा या वस्तीतल्या माणसाने गाड्या फार झाल्या म्हणावं, यात जरा विनोद आहे, पण वस्ती बांधली गेली तेव्हा तिच्यात गाड्या नव्हत्या हेही खरं. एकमेकांना चिकटलेल्या विटांच्या घरांच्या रांगा, दार उघडलं की फूटपाथ. गाडी ठेवायला कुठे जागाच सोडलेली नाही. तिथे मालकाची गाडी असो की भाडेकरूची, ती रस्त्यावरच येणार.

आजचे नियम वाचले तर हिरव्या दिव्यापेक्षा फार पुढे गेलोय असं वाटत नाही. विद्यार्थ्यांसाठी नवी इमारत बांधायची तर शहराच्या २०२० च्या स्थानिक आराखड्यानुसार तिथे अपंगांच्या आणि कामापुरत्या गाड्यांखेरीज पार्किंग द्यायचं नाही. शिवाय तिथले विद्यार्थी ऑक्सफर्डमध्ये कुठेही गाडी लावणार नाहीत याची तजवीज बिल्डरने करायची आणि तिच्यावर लक्षही बिल्डरनेच ठेवायचं. कुठेही! बिल्डरच्या माणसाने दुर्बीण घेऊन मार्स्टनपासून लिटलमोरपर्यंत गल्लोगल्ली हिंडावं, असा याचा अर्थ होतो. अर्थातच कुणी हिंडत नाही. दुसरीकडे, इमारतींची परवानगी देते सिटी कौन्सिल आणि रस्त्यावर गाडी लावायची परमिटं देते जिल्ह्याची काउंटी कौन्सिल. एकाने घातलेली अट दुसऱ्याच्या रस्त्यावर मोडली जाते, आणि अट मोडणारा सापडला नाही की दोघं मिळून ‘विद्यार्थी’ म्हणतात.

मग परमिटचे झोन, म्हणजे फक्त परमिटवाल्यांनाच गाडी लावता येते असे भाग. एका भागात झोन झाला की गाड्या त्याच्या सीमेपलीकडच्या पहिल्या गल्लीत जातात, ती गल्ली ओरडते, तिथेही झोन होतो. बऱ्याच झोनमध्ये घरामागे दोन परमिटांची मर्यादा आहे, म्हणजे पाच पोरं राहत असलेल्या घरालाही दोनच. शेजारच्या घरातल्या नवरा-बायकोलाही दोन. असं असताना ‘विद्यार्थ्यांच्या घरामुळे गल्ली भरली’ हे झोनच्या आत तरी खरं ठरणं अवघड आहे. पारखून बघायचं तर जुलै-ऑगस्टात बघावं. बॅगा भरून पोरं आपापल्या गावी गेलेली असतात. गल्ली थोडी सैल पडते. रिकामी होत नाही.

या परमिटाचा दर काय? वर्षाचे पैसे आठवड्यांत वाटले तर एका पिंटचेही होत नाहीत. आता एक हिशेब मांडतो. इंग्लंडात गाडीच्या जागेचं नेहमीचं माप २.४ मीटर बाय ४.८ मीटर, म्हणजे साडेअकरा चौरस मीटर. आणि अनेकांनी मिळून राहायच्या परवानाधारक भाड्याच्या घरात एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीचं कायदेशीर किमान माप, ऑक्टोबर २०१८ पासून, ६.५१ चौरस मीटर. गाडीला माणसाच्या पावणेदोनपट जागा. त्या माणसाच्या खोलीचं भाडं महिन्याला कित्येक शे पौंड, आणि बाहेर गाडी झोपते ती जवळजवळ फुकट. ज्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आहे म्हणून पब परवडत नाही असं सांगितलं जातं, त्याच गावातली, त्याच गल्लीतली, पबाच्या दारासमोरची ही जमीन आहे.

विद्यार्थ्यांच्या गाड्या कुणाच्या असतात हेही जरा जवळून पाहावं. श्रीमंत बापाने घेऊन दिलेली मिनी असते, नाही असं नाही. पण ऑक्सफर्ड विद्यापीठाचे पदवीचे विद्यार्थी बहुतांश कॉलेजांत राहतात आणि सायकलीवर फिरतात; त्यांना गाडीचा उपयोगच नाही. गाडी लागते ती हेडिंग्टनच्या ब्रूक्स विद्यापीठात नर्सिंग किंवा मिडवाइफरी शिकणाऱ्या मुलीला. तिची प्रॅक्टिकलची ड्युटी आज जॉन रॅडक्लिफ हॉस्पिटलात असेल, पुढच्या महिन्यात पस्तीसेक किलोमीटरवरच्या बॅन्बरीला, त्यानंतर डिस्ट्रिक्ट नर्सबरोबर खेड्यापाड्यांत घरोघरी. सकाळची पाळी सातच्या सुमाराला सुरू होते. त्या वेळी कुठली बस आणि कुठलं काय. शिक्षक व्हायचं शिक्षण घेणाऱ्यांचंही तेच. शाळा मिळते ती आडगावची. ही माणसं वर्ष-दोन वर्षांनी याच जिल्ह्याच्या दवाखान्यांत आणि शाळांत लागणार, आणि त्यांच्या गाड्यांविरुद्ध अर्ज करणाऱ्यांना इंजेक्शन देणार. तेव्हा ‘विद्यार्थ्यांना गाडीबंदी’ अशी सरसकट मागणी मला अडाणीपणाची वाटते. ज्यांना गाडीची गरज नाही त्यांच्यासाठी ब्रूक्सने तोडगा केव्हाच काढलाय. विद्यापीठाने स्वतःच्या नावाच्या बस सुरू करून वीस वर्षं होऊन गेली, आणि त्यात गावातलं कुणीही बसू शकतं.

दुकानदारांची बाजूही सोडून चालणार नाही. २०२२ मध्ये पूर्व ऑक्सफर्डच्या गल्ल्यांत खांब रोवून आरपार वाहतूक बंद केली गेली, आणि २९ ऑक्टोबर २०२५ पासून शहरातल्या सहा ठिकाणांतून गाडी नेली तर पाच पौंडांचा आकार लागू झाला. काउली रोडवरचे कित्येक हॉटेलवाले आणि पबवाले सांगतात की गिऱ्हाईक याच्यामुळे तुटलं. त्यांचा राग समजतो. पण वस्तीतल्या पबाचं गिऱ्हाईक गाडीने यावं ही अपेक्षाच मला चमत्कारिक वाटते. प्यायला जायचं आणि गाडी घेऊन जायचं?

मग करायचं काय. रस्त्याच्या कडेला भाव लावायचा. यात एक कायदेशीर मेख आहे. २०१३ मध्ये लंडनच्या बार्नेट कौन्सिलने परमिटांचे दर चाळीसवरून शंभर पौंडांवर नेले होते ते हायकोर्टाने रद्द ठरवले, कारण हेतू तिजोरी भरण्याचा होता. पार्किंगमधून उरलेला पैसा कुठे खर्चायचा हेही १९८४ च्या रस्तेवाहतूक कायद्याने बांधून दिलंय: रस्ते, बस, तत्सम कामं. तेव्हा परमिटचे पैसे घेऊन पबाला द्या, असं म्हणता येत नाही. पण गर्दी आवरण्यासाठी दर लावता येतो. दुसऱ्या गाडीला पहिलीपेक्षा बराच जास्त दर, आणि गल्लीत प्रत्यक्ष जितक्या गाड्या मावतात तितकीच परमिटं. मग त्या घरात विद्यार्थी राहो, डॉक्टर राहो की निवृत्त कर्नल. नर्सिंगच्या मुलीला ड्युटीच्या पत्रावर तीन-चार महिन्यांचं परमिट. आलेल्या पैशातून रात्री अकरानंतरच्या बस. या बसचा पबाला जो उपयोग होईल तो कुठल्याही सवलतीपेक्षा मोठा.

आणि कॉलेजांनी जमीनमालक म्हणून स्वतःकडे बघावं. २०११ च्या कायद्याने लोकांना एखादा पब ‘समाजाची मालमत्ता’ म्हणून नोंदवून घेता येतो. मालकाने तो विकायला काढला तर पैसे उभे करायला सहा महिने मिळतात. ऑक्सफर्डपासून थोड्या अंतरावर मार्श बॉल्डनच्या गावकऱ्यांनी २०१३ मध्ये आपला सेव्हन स्टार्स हा पब असा वर्गणी काढून घेतला. जुलै २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात ही मुदत बारा महिन्यांची करून विकत घ्यायचा पहिला हक्क समाजाला द्यायचा प्रस्ताव होता. चांगलंच आहे. पण मार्श बॉल्डनच्या गावकऱ्याला तिथेच राहायचं असतं. पूर्व ऑक्सफर्डच्या गल्लीत निम्मी घरं दर वर्षी बदलतात. वर्गणी कोण काढणार आणि भागधारक कोण होणार? अशा वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहणारी संस्था एकच, ती म्हणजे विद्यापीठ आणि त्याची कॉलेजं. त्यांच्यामुळेच ही वस्ती फिरती झाली आहे. गल्लीतला एखादा पब विकायला निघाला तर त्याची जमीन कॉलेजने घ्यावी आणि चालवायला स्थानिक समूहाकडे द्यावी. भाडं पब पेलेल तेवढं. धर्मादाय संस्थेचे विश्वस्त म्हणतील की आम्हाला चांगल्यात चांगला भाव घ्यावा लागतो. पण लॅम्ब अँड फ्लॅगच्या वेळी कायदा हाच होता.

याहून साधी, लगेच करता येण्यासारखीही एक गोष्ट आहे. पबाबाहेर टेबलं मांडायचे परवाने करोनाच्या काळात तात्पुरते म्हणून सोपे केले होते, ते मार्च २०२४ पासून कायमचे झाले. अरुंद गल्लीतल्या पबाला त्याचा फायदा नाही, कारण तिथे फूटपाथच जेमतेम माणूस जाईल एवढा. त्याच्या दारासमोरची गाडीची एक जागा काढून तिथे लाकडी फळ्या टाकल्या तर दोन टेबलं आणि आठ माणसं बसतात. काउंटीने पबामागे अशी एक जागा द्यावी, बस. पूर्व ऑक्सफर्डमधल्या सगळ्या पबांना दिली तरी एका मध्यम लांबीच्या गल्लीतल्या गाड्यांइतक्यासुद्धा जागा जाणार नाहीत. तरी यावर हरकती येतील हे मला माहीत आहे, आणि त्यांतल्या काही सह्या ‘आमचा पब वाचवा’ या अर्जावरच्याच असतील. हरकत जरूर घ्यावी. फक्त तिच्यात विद्यार्थ्यांचं नाव घालू नये.